‘इथे छत्री आहे’: डावखुऱ्या सरांच्या मेंदूतला भाषेचा नकाशा

पुढचे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. रुग्ण प्रातिनिधिक आहे. आकडे अशा तपासण्यांत नेहमी दिसतात त्या पट्ट्यातलेच आहेत.

पुण्यातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवणारे शिक्षक, वय ४१. फळ्यावर आकृती काढून मुलांकडे वळले आणि वाक्य अर्ध्यावर अडले. काय बोलायचे ते डोक्यात स्पष्ट होते, मुलांची कुजबुज ऐकू येत होती, उजव्या गालाला मुंग्या आल्या होत्या, पण तोंडातून शब्द फुटेना. दोन मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. घरी ‘दगदग झाली असेल’ म्हणून विषय संपला. पंधरा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडला, तेव्हा एमआरआय झाला. डाव्या फ्रंटल लोबच्या खालच्या वळीत, मागच्या बाजूला, ३.४ × २.९ × ३.१ सेंमीची गाठ निघाली. कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती उजळली नाही. एमआरआयच्या टी-२ या प्रकारच्या चित्रात एकसारखी पांढरी, तर फ्लेअर या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात मध्ये काळपट आणि कडेला पांढरी रेघ. असे रूप दिसले की आयडीएच जनुकात बदल (म्युटेशन) असलेल्या, मेंदूच्या आधारपेशींतून वाढणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसायटोमाचा संशय बळावतो. लेव्हेटिरॅसिटॅम हे फिटचे औषध सुरू झाले आणि झटके थांबले.

शस्त्रक्रिया करायची हे ठरलेले होते. प्रश्न एवढाच, की सरांची वाचा न जाता किती गाठ काढता येईल? जागा ब्रोकाच्या क्षेत्राची, म्हणजे बोलणे घडवणाऱ्या भागाची. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच उच्चार उरलेल्या लेबोर्न नावाच्या रुग्णाच्या मेंदूत इजा दाखवली ती हीच जागा. पण पाठ्यपुस्तकातला ब्रोका आणि समोरच्या माणसाचा ब्रोका एकाच ठिकाणी असतील असे नाही. गाठ सावकाश वाढणारी असेल तर मेंदू वर्षानुवर्षे काम इकडून तिकडे सरकवत राहतो. म्हणून फंक्शनल एमआरआय (एफएमआरआय), म्हणजे एखादे काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारी तपासणी.

कोणत्या हाताने जेवता, हा प्रश्न निरुपयोगी

कागदावर नोंद होती ‘उजवा’. सर उजव्या हाताने लिहितात, उजव्या हाताने जेवतात. पण मराठी घरात ही दोन कामे मुलाच्या मेंदूबद्दल काही सांगत नाहीत, आजीबद्दल सांगतात. डाव्या हाताने घास घेतला की हातावर चापट बसायची, पाटीवर डाव्या हाताने ‘ग’ गिरवला की पेन्सिल उजव्या हातात दिली जायची. त्या पिढीतले कितीतरी डावखुरे कागदोपत्री उजवे आहेत.

ओल्डफिल्ड यांची १९७१ ची एडिनबरा प्रश्नावली लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, टूथब्रश, काडी पेटवणे अशा कामांवर चालते. इथे लिहिणे आणि चमचा या बाबी बाजूला ठेवून, कोणी कधी ‘सुधारायला’ गेले नाही अशी कामे विचारावी लागतात. चेंडू कोणत्या हाताने फेकता? खिळा ठोकताना हातोडी कुठे? झाडूची वरची पकड कोणत्या हाताची? पत्ते कोणत्या हाताने वाटता? सरांची उत्तरे: डावा, डावा, डावा, डावा. शिवाय सख्खी मावशी डावखुरी.

याने गणित बदलते. जर्मनीत म्युन्स्टर इथे ३२६ निरोगी लोकांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषेसाठी उजवा गोलार्ध प्रबळ असण्याचे प्रमाण पक्क्या उजव्यांत ४ टक्के, दोन्ही हात चालणाऱ्यांत १५ टक्के आणि पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के आले. म्हणजे सरांची भाषा उजवीकडे असण्याची शक्यता खरी होती. पण अशी बातमी सगळ्यांना हवीहवीशी असते, म्हणून ती तपासून घ्यायला हवी.

पहिला नकाशा, आणि तो का टाकून दिला

सर आले ते एका केंद्रात काढलेला एफएमआरआय बरोबर घेऊनच. त्यात उजव्या बाजूला भडक केशरी ठिपका, डावीकडे गाठीभोवती जवळजवळ काहीच नाही. अहवालात ‘भाषा उजव्या गोलार्धात’. हे वाचून एखादा सर्जन रुग्णाला पूर्ण भूल देऊन निर्धास्त गाठ काढेल.

कच्चा डेटा उघडला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

चाचणी यंत्राबरोबर आलेल्या तयार संचातली होती: पडद्यावर इंग्रजी अक्षर, त्यापासून सुरू होणारे इंग्रजी शब्द मनात आठवायचे. सर इंग्रजीतून विज्ञान शिकवतात, पण विचार करतात, चिडतात, मोजतात ते मराठीत. विचारल्यावर त्यांनी सांगितले, की आधी मराठी शब्द सुचायचे, मग त्यांना इंग्रजी शब्द शोधायचे, आणि दोन अक्षरांना तर ‘नुसता पडद्याकडे बघत होतो’. दुसरे, डोके २.६ मिमी हलले होते, तेही नेमके प्रत्येक शब्द-टप्प्याच्या सुरुवातीला. कारण सर पुटपुटत होते. कामाच्या तालावर होणारी हालचाल सांख्यिकी गाळणीतून सुटते आणि मेंदूच्या कडांना खोटे रंग चढवते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. एफएमआरआय मज्जापेशींचे काम थेट पाहत नाही. काम वाढले की त्या जागी गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त येते, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि चुंबकीय सिग्नल किंचित वाढतो. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेला हा बोल्ड परिणाम जेमतेम १ ते ३ टक्क्यांचा असतो आणि कामानंतर ५-६ सेकंदांनी शिखर गाठतो. गाठीच्या शेजारच्या रक्तवाहिन्या मागणी आल्यावर फुगतच नसतील तर पेशी राबत असूनही नकाशा कोराच राहील. डावीकडे कोरे, उजवीकडे रंग, आणि वाचणारा म्हणतो ‘भाषा सरकली’. प्रत्यक्षात सरकले काहीच नसते.

चाचण्या मराठीत करणे म्हणजे भाषांतर करणे नव्हे

एफएमआरआयमध्ये ‘भाषा’ दिसत नाही, दोन कामांमधला फरक दिसतो. काम बिघडले की फरक बिघडतो. म्हणून खरी मेहनत यंत्रापाशी नाही, शब्दांच्या यादीपाशी असते.

*अक्षरावरून शब्द.* इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. मराठीत ‘क’ दाखवला की निम्मे लोक कमळ, कप, कडू एवढ्यावर अडतात, कारण ‘का’ चालेल की नाही हे त्यांना ठाऊक नसते, आणि मग भाषा चालण्याऐवजी शंका चालते. म्हणून सूचना आधीच स्पष्ट द्यायची: ‘सर, बाराखडीतलं काहीही चालेल. कमळ, काकडी, किल्ली, कुदळ.’ ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत, ङ आणि ञ तर सोडूनच द्या. ठ, ढ, झ यांवर तीस सेकंद काढता येत नाहीत. क, प, म, स, ब ही पाच अक्षरे घेतली. मधल्या विश्रांतीत बोटे टेकवायला सांगितले, म्हणजे मन पुन्हा शब्दांकडे वळत नाही.

*नामावरून क्रियापद.* इथे मराठीचा खास सापळा म्हणजे ‘करणे’. फोन, अभ्यास, प्रवास, स्वयंपाक: चारही नामांना एकच उत्तर पुरते. तिसऱ्या शब्दापासून रुग्ण काही शोधतच नाही. यादीत अशीच नामे हवीत ज्यांना आपले स्वतःचे क्रियापद आहे: सुई–शिवणे, कणीक–मळणे, केस–विंचरणे, विहीर–उपसणे, भाजी–चिरणे. मोठ्याने सराव घेताना ‘करणे’ दोनदा आले की तो शब्द यादीतून बाद.

*वाक्य पुरे करणे.* प्रौढांच्या भाषा-नकाशासाठी अमेरिकन सोसायटी ऑफ फंक्शनल न्यूरोरेडिओलॉजीने ज्या चाचण्यांना अग्रक्रम दिला त्यांत ही आहे. पण इंग्रजी वाक्याच्या शेवटी नाम सहज येते, मराठी वाक्य क्रियापदावर संपते. सरळ भाषांतर केले तर गाळलेल्या जागी ‘आहे’ आणि ‘असतो’च येत राहतात. उपाय आपल्याच बोलीत आहे: ‘पाऊस आला की आपण उघडतो ती ____’, ‘कुलूप उघडायला लागते ती ____’, ‘देवळात शिरताना वाजवतो ती ____’. हा कोड्याचा साचा नाम शोधायला लावतो आणि ‘तो-ती-ते’मुळे लिंगही कामाला लागते. तुलनेसाठी तेवढ्याच लांबीची निरर्थक वाक्ये, पण मराठीच्या उच्चाराला शोभणारी: ‘बोसूळ गाणकी तडवे रिमाशी ____’.

यमकाची चाचणी मात्र लिखित स्वरूपात घेऊ नये. इंग्रजीत सारखा आवाज वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये लपतो. देवनागरीत ‘कान’ आणि ‘पान’ दिसतातच सारखे, म्हणजे आवाज मनात न आणता डोळ्यांनी उत्तर मिळते. घ्यायचीच तर चित्रांवर घ्यावी. कान आणि विड्याचे पान शेजारी दाखवावे.

एक बारीक भासणारी पण दिवस वाया घालवणारी गोष्ट. चाचण्या दाखवणारी काही सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाहीत. ‘किल्ली’तली पहिली वेलांटी क-नंतर जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडतो. रुग्ण अडखळतो आणि ते अडखळणे नकाशात उतरते. प्रत्येक शब्द चित्र-फाइल म्हणून साठवावा, आरशातून शेवटच्या ओळीचा उकार-रफार दिसतो का हे स्वतः आडवे पडून पाहावे. चष्मा लागत असेल तर प्लॅस्टिक फ्रेममधल्या त्याच नंबरची भिंगे तयार ठेवावीत. सरांना जवळचा +१.५ लागत होता, आणि पहिल्या केंद्रात कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या एफएमआरआयचा दिवस

आदल्या दिवशी ४५ मिनिटे तालीम: आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग मनात, ओठ आणि जीभ न हलवता. जीभ खालच्या दातांमागे टेकवून ठेवली की पुटपुटणे थांबते. सकाळी गोळी नेहमीच्या वेळी, पुरेशी झोप, पोटात थोडे काही. घड्याळ, पट्टा, गळ्यातला तावीज बाहेर. करगोट्यात धातूचा मणी असतो, तो हमखास विसरला जातो.

यंत्र ३ टेस्लाचे, ३२ चॅनलची कॉइल. टीआर (पूर्ण मेंदूच्या एका चित्राला लागणारा वेळ) २.५ सेकंद, टीई (सिग्नल टिपण्याआधीची वाट) ३० मिलिसेकंद, फ्लिप अँगल ८० अंश, ३ मिमीचे घन (चित्राचे छोटे ठोकळे), ४२ काप. ३० सेकंद काम आणि ३० सेकंद तुलना अशा पाच जोड्या, एका चाचणीला पाच मिनिटे, १२० वेळा पूर्ण मेंदू. पहिली चार चित्रे सिग्नल स्थिरावण्यासाठी टाकायची, ती या १२०च्या वेगळी. जोडीला १ मिमीचे टी-१, चुंबकक्षेत्राचा नकाशा आणि ६४ दिशांचे डिफ्यूजन (पाण्याच्या हालचालीवरून मेंदूतले पांढरे धागे दाखवणारे चित्रण), बी मूल्य १०००. यंत्रात एकूण ५५ मिनिटे. त्यापुढे माणूस कंटाळतो आणि कंटाळलेल्या माणसाचा डेटा कंटाळलेलाच येतो.

शेवटी श्वास रोखण्याची चाचणी. श्वास सोडून १५ सेकंद थांबायचे, मग ४५ सेकंद नेहमीसारखा श्वास, असे पाच वेळा. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की निरोगी रक्तवाहिन्या फुगतात आणि मेंदूचा राखाडी भाग उजळतो. जिथे उजळत नाही तिथल्या भाषा-नकाशाच्या कोरेपणावर विश्वास ठेवायचा नाही. पाच मिनिटांची ही भर पुष्कळ ठिकाणी वेळेअभावी गाळली जाते. या प्रकरणात तीच निर्णायक ठरली.

या वेळी डोके ०.७ मिमीपेक्षा जास्त हलले नाही. हालचालीचे सहा मापदंड गणितात घेतले. स्मूदिंग (शेजारचे सिग्नल एकमेकांत मिसळणे) ५ मिमी, कारण ८ मिमी केले की ठिपके देखणे होतात आणि सर्जनला हवी ती कड हरवते.

आकडा एक नसतो

कोणती बाजू प्रबळ हे सांगायला पार्श्वता निर्देशांक काढतात: डावीकडचे सक्रिय घन वजा उजवीकडचे, भागिले दोन्हींची बेरीज. +०.२ च्या वर डावे, −०.२ च्या खाली उजवे, मधले द्विपार्श्वी. हा आकडा गाळणीची पातळी किती ठेवली यावर हेलकावे खातो, म्हणून एक आकडा न देता अनेक पातळ्यांवरचा आलेख द्यावा.

अक्षरावरून शब्द या चाचणीत ब्रोका भागाचा निर्देशांक गाळणीची पातळी टी = ३ ला +०.०८, टी = ५ ला +०.२१. पहिल्या केंद्रातला −०.३४ गेला. श्वास-नकाशात गाठीच्या पुढच्या आणि खालच्या कडेची सुमारे दीड सेंटिमीटरची पट्टी निपचित होती. ती पट्टी आणि उजवीकडचे तिचे प्रतिबिंब दोन्ही वगळून पुन्हा मोजले तर टी = ३ लाच +०.२७. वाक्य पुरे करण्यात टेम्पोरल (कानाजवळचा) भाग सरळ डावीकडे, +०.५२. डिफ्यूजनमधून काढलेला आर्क्युएट फॅसिक्युलस (भाषेचे पुढचे आणि मागचे भाग जोडणारा धाग्यांचा जुडगा) गाठीच्या मागच्या कडेपासून ६ मिमीवर होता, थोडा बाहेर ढकललेला.

धागे पाहायचे कारण पुन्हा लेबोर्नपाशी जाते. त्याचा मेंदू पॅरिसमध्ये जपलेला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय अभ्यासात दिसले, की इजा ब्रोकांनी वरून पाहिली त्याहून बरीच खोल, आतल्या पांढऱ्या धाग्यांपर्यंत गेली होती. पृष्ठभाग गेला तर मेंदू पुष्कळदा भरून काढतो. धागे तुटले तर तेवढी उदारता दाखवत नाही.

अहवालात लिहिले: ‘फ्रंटल भाषा-क्रिया दोन्हीकडे, डावीकडे झुकलेली. टेम्पोरल डावीकडे. गाठीच्या पुढच्या-खालच्या कडेला सक्रियता न दिसणे अर्थ लावण्याजोगे नाही. डावा गोलार्ध भाषेसाठी आवश्यक धरून जागेपणी शस्त्रक्रिया सुचवली जाते.’ यात तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे. कोऱ्या जागेवर हिरवा रंग देण्याचा मोह नकाशा करणाऱ्याने टाळलाच पाहिजे.

वाडा चाचणीचा विचार झाला आणि सोडला. कॅरोटिड धमनीतून औषध देऊन एक गोलार्ध काही मिनिटे झोपवणारी ती चाचणी बाजू सांगते, जागा सांगत नाही. इथे बाजू कळूनही जागेपणीची शस्त्रक्रिया टळणार नव्हती.

टेबलावर: ‘हा, ही, हे’ची अडचण

शस्त्रक्रियेत मेंदू उघडल्यावर चित्रे दाखवतात आणि त्याच वेळी पृष्ठभागावर सौम्य वीज देऊन तो बिंदू क्षणभर बंद पाडतात. इंग्रजी-फ्रेंच पद्धतीत रुग्णाने ‘हे अमुक आहे’ या अर्थाचे ठरीव वाक्य म्हणायचे असते. सुरुवात जमली आणि नाम अडले तर नाव सुचत नाही, सुरुवातच अडली तर वाचाच थांबली, असा भेद त्यातून कळतो.

मराठीत हे जसेच्या तसे उचलले की फसते. ‘हा कंगवा’, ‘ही छत्री’, ‘हे घर’: पहिलाच शब्द उच्चारायला नाम आणि त्याचे लिंग आधी सापडलेले असावे लागते. रुग्ण गप्प राहिला तर तोंड अडले की लिंग अडले, हे समजणार नाही. म्हणून साचा बदलला: ‘इथे कंगवा आहे’, ‘इथे छत्री आहे’, ‘इथे घर आहे’. ‘इथे’ सगळ्यांना सारखे, ‘आहे’ही एकवचनात सारखे. चित्रे मात्र एकाच वस्तूची हवीत, दोन केळी दाखवली की ‘आहेत’ येते.

चित्रांचा सर्वत्र वापरला जाणारा संच स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट यांचा, १९८० चा, २६० चित्रांचा. त्यात आर्टिचोक आणि अ‍ॅस्परॅगसही आहेत. मंडईत रोज जाणारा माणूसही तिथे गप्प बसेल आणि ते गप्प बसणे विजेच्या खात्यावर जमा होईल. १२० चित्रे निवडून सरांना दोनदा दाखवली. दोन्ही वेळा झटकन आणि तेच नाव आले अशी ८६ राहिली. सर मूळचे अमरावतीकडचे, पेरूला ‘जांब’ आणि बटाट्याला ‘आलू’ म्हणतात. दोन्ही उत्तरे यादीत ‘बरोबर’ म्हणून लिहून ठेवली, नाहीतर पुण्यातल्या परीक्षकाने ती चूक धरली असती. शिवाय २० चित्रे इंग्रजीत, कारण दोन भाषा येणाऱ्यांत त्यांचे काही बिंदू वेगळे असू शकतात आणि सरांची नोकरी दोन्हींवर चालते.

विजेचा संच: दोन टोकांत ५ मिमी अंतर, ६० हर्ट्झ, १ मिलिसेकंदाचे दुहेरी स्पंदन. १ मिलिअँपिअरपासून अर्ध्याअर्ध्याने वर. चित्र दर ४ सेकंदांनी, स्पर्श चित्राच्या किंचित आधी. एका बिंदूला तीन फेऱ्या, पण लागोपाठ नाहीत. तीनपैकी दोनदा अडले तरच बिंदू पक्का. फिट येते असे वाटले तर मेंदूवर बर्फाळ रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखे द्रव) ओतायचे, ते हाताशी आधीच ठेवलेले असते.

एक ते वीस मोजताना २.५ मिलिअँपिअरला गाठीच्या मागे ‘अकरा’वर वाचा थांबली. तो प्रवाह कायम ठेवला. नाव न सुचण्याचे दोन बिंदू सापडले. त्यातला एक श्वास-नकाशातल्या निपचित पट्टीत, जिथे पहिला एफएमआरआय पूर्ण कोरा होता. ‘इथे... इथे... आहे’, आणि प्रवाह काढताच ‘छत्री!’ उलट बाजूचीही गोष्ट घडली. गाठीच्या पुढे एफएमआरआयमध्ये ठळक रंगलेल्या जागी तिन्ही वेळा, दोन्ही भाषांत, काहीच अडले नाही. कामात भाग घेणे वेगळे, त्यावाचून काम अडणे वेगळे. पहिले एफएमआरआय सांगतो, दुसरे फक्त वीज. ती जागा काढली.

हत्यार कुठे आहे ते आधीच्या चित्रांवर दाखवणाऱ्या नेव्हिगेशनच्या पडद्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. आवरण उघडून पाणी वाहिले की मेंदू खचतो, कधी सेंटिमीटरभर, आणि आदल्या दिवशीचा नकाशा तेवढा चुकतो. खोलात शिरल्यावर धाग्यांना वीज देत जायचे. मागच्या भिंतीवर ‘कंगवा’चा ‘कंवगा’ झाला. ध्वनींची अशी उलटापालट आर्क्युएटजवळ आल्याची खूण. तिथे हात थांबला. ‘कंगवा’ला ‘आरसा’ असे अर्थाने जवळचे नाव आले असते तर खालचा, पुढून मागे जाणारा धागा समजला असता.

सर ७० मिनिटे नीट साथ देत होते. त्यानंतर वीज नसतानाही नावे उशिरा यायला लागली, तेव्हा चाचणी बंद केली. दमलेल्या उत्तरांवरून कड ठरवणे म्हणजे अंदाजाने कापणे.

त्यानंतर

४८ तासांच्या आतल्या एमआरआयमध्ये सुमारे १५ मिलिलिटरपैकी २ मिलिलिटर गाठ मागे, आर्क्युएटला लागून उरलेली. तिसऱ्या दिवशी बोलणे मंद, वाक्ये तुटक, समज उत्तम. हे सूज ओसरते तसे सुधारते, आणि नातेवाइकांना ते आधीच सांगितलेले असावे, नाहीतर वॉर्डात घबराट होते. गाठ आयडीएच-म्युटेशन असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २. वाचा-उपचार आठवड्यातून तीनदा, मराठीतून सुरुवात, सहाव्या आठवड्यापासून इंग्रजी धडेवाचन.

तीन महिन्यांनी ८६ पैकी ८३ नावे आली, इंग्रजीत २० पैकी १७. एका मिनिटात ‘प’ वरून १४ शब्द, आधी १६ होते. सर दिवसाला दोन तासिका घेतात. लांब व्याख्या सांगताना मध्ये थांबतात आणि ती आता फळ्यावर आधी लिहून ठेवतात.

उरलेली गाठ पुढे वाढू शकते आणि दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून फाइलमध्ये रंगीत नकाशाबरोबर हेही ठेवले आहे: ८६ चित्रे त्याच क्रमाने, ‘जांब’ आणि ‘आलू’ची नोंद, बाद केलेली ३४ चित्रे आणि बाद करण्याचे कारण, प्रत्येक बिंदूचा क्रमांक, प्रवाह आणि रुग्णाचे जसेच्या तसे शब्द, आणि +१.५ चा चष्मा.